शास्त्रीय लेखांचे यांत्रिक वाचन : एका संशोधनपेशाची जडणघडण

विज्ञानविषयक लेखांची भाषा संगणकाकरवी उलगडणे, म्हणजे लेखाचा विषय ओळखणे, त्यातील दावे वेचणे आणि दूरच्या लेखांमधील संबंध शोधणे, हा आज विद्यापीठांत आणि उद्योगांत प्रतिष्ठा पावलेला संशोधनाचा पेशा आहे. मात्र त्याची मुळे ग्रंथालयात रुजलेली आहेत. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी वाढत्या वैद्यकीय वाङ्मयाचा माग ठेवण्यासाठी 1879 साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही विषयवार मासिक सूची सुरू केली, तेव्हा त्या कामाचा सारा भार लेख वाचून त्यांना विषय नेमून देणाऱ्या माणसांवर होता. या कामाला निर्देशन म्हणतात. याच ग्रंथालयातून पुढे उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 1960 साली विषयशब्दांची प्रमाणित यादी प्रसिद्ध केली आणि 1964 साली ‘मेडलार्स’ ही संगणकीय शोधयंत्रणा कार्यान्वित केली, तरीही यंत्राकडे गेला तो केवळ शोध. वाचन माणसांकडेच राहिले.

वाचनाचा काही भाग यंत्राला देता येईल काय, हा प्रश्न त्याआधीच उपस्थित झाला होता. आयबीएममधील अभियंते हान्स पीटर लून यांनी 1958 साली, लेखात वारंवार येणारे अर्थवाही शब्द मोजून आणि ज्या वाक्यांत ते दाटीने आढळतात ती वाक्ये निवडून, गोषवारा तयार करण्याची रीत मांडली. अशा रीतींची पारख करण्याचे साधन इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी घडवले. त्यांच्या पहिल्या प्रयोगात विमानविद्येचे 18,000 लेख चार निर्देशनपद्धतींनी पारखले गेले, आणि त्यांपैकी एक पद्धत विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे करून पुन्हा जोडणारी होती; या पैलूविचाराचा पाया शियाळी रामामृत रंगनाथन यांनी मद्रासमध्ये सिद्ध केलेल्या आणि 1933 साली प्रसिद्ध झालेल्या द्विबिंदू वर्गीकरणात घातला गेला होता. हवे असलेल्या लेखांपैकी किती सापडले आणि सापडलेल्यांपैकी किती खरोखर उपयोगाचे होते, या दोन मापांना या प्रयोगांनी जे स्थान मिळवून दिले, ते आजही टिकून आहे.

या क्षेत्राला स्वतःचे नाव आणि स्वतःची पदे नव्हती, त्या काळात ते ज्यांनी घडवले त्यांच्या वाटचालीतून पेशाचे खरे स्वरूप उमगते. इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या केरेन स्पार्क जोन्स केंब्रिजच्या भाषासंशोधन केंद्रात आल्या. 1972 साली त्यांनी दाखवून दिले की जो शब्द संग्रहातील थोड्याच लेखांत आढळतो त्याला शोधात अधिक वजन द्यावे. हे तत्त्व पुढे शोधयंत्रांच्या उभारणीत सर्वत्र वापरले गेले, पण त्यांनी स्वतः अनेक वर्षे तात्पुरत्या अनुदानांवर काम केले आणि प्राध्यापकपद त्यांना 1999 साली मिळाले. एखाद्या विद्येचा पाया घालणाऱ्या व्यक्तीला स्थिर जागा इतक्या उशिरा मिळावी, ही त्या विद्येच्या इतिहासातील गंभीर उणीव मानली पाहिजे.

दुसरी वाट भाषाशास्त्रातून निघाली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील झेलिग हॅरिस यांच्या रचनावादी भाषाविचाराच्या प्रभावाखाली दोन भिन्न कामे उभी राहिली. यूजीन गारफिल्ड यांनी 1955 साली, कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा आधार घेतला याची सूची करण्याची कल्पना मांडली आणि पुढे 1961 साली रासायनिक नावांवरून रेणुसूत्र काढण्याच्या पद्धतीवर प्रबंध लिहिला. विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या नाओमी सेगर यांनी 1965 पासून न्यूयॉर्क विद्यापीठात असे प्रतिपादन केले की प्रत्येक शास्त्राच्या लेखनाला स्वतःची मर्यादित उपभाषा असते. औषधशास्त्राच्या लेखांत औषध पेशीवर परिणाम करते, आयन पेशीत शिरतो, अशा ठरावीक वर्गांतील नामे ठरावीक क्रियापदांशीच जुळतात. हे जुळणीचे नियम संगणकाला दिले, तर वाक्यातील माहिती तक्त्यात मांडता येते. मात्र हे नियम शोधण्यासाठी भाषा आणि शास्त्र या दोहोंचे जाणकार एकत्र बसावे लागत.

लेख वाचून नवे ज्ञानही निघू शकते, हे शिकागो विद्यापीठातील डॉन स्वॅन्सन यांनी 1986 साली दाखवले. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या स्वॅन्सन यांना दोन लेखसमूह असे आढळले, की जे एकमेकांचा उल्लेखही करत नव्हते : एकात माशांच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो असे होते, तर दुसऱ्यात बोटांचा रक्तपुरवठा आखडणाऱ्या रेनो विकारात रक्त दाट झालेले असते असे होते. दोन्ही विधाने एकत्र आणून त्यांनी या तेलाचा त्या विकारात उपयोग होऊ शकेल, असे अनुमान मांडले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जीवशास्त्रीय वाङ्मयाचा पूर आल्यावर हा पेशा संस्थांमध्ये स्थिरावला. टोकियोत जुनिची त्सुजी यांच्या गटाने ‘जीनिया’ संग्रह तयार केला; त्यात 2,000 गोषवाऱ्यांतील प्रथिनांच्या, पेशींच्या आणि अन्य घटकांच्या उल्लेखांवर तज्ज्ञांनी हाताने खुणा केल्या, आणि त्या खुणांवरून यंत्रे शिकू लागली. 2004 साली मँचेस्टर येथे राष्ट्रीय टेक्स्ट मायनिंग केंद्र स्थापन झाले. 2019 साली अमेरिकेतील ॲलन संस्थेने सुमारे 11 लाख 40 हजार शोधलेखांवर शिकवलेले ‘सायबर्ट’ हे भाषाप्रारूप प्रसिद्ध केले, आणि हाताने बांधलेल्या नियमांची जागा विशाल संग्रहावरील प्रशिक्षणाने घेतली.

2022 साली राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने निर्देशनाचे नित्याचे काम संगणकाकडे सोपवले आणि निवडक लेखांची तपासणी तेवढी माणसांकडे ठेवली. हे शक्य झाले, याचे कारण निर्देशकांच्या अनेक पिढ्यांनी लेखागणिक नेमलेले विषयशब्दच संगणकापुढे शिकण्याचे उदाहरण म्हणून उपलब्ध होते. म्हणून या पेशाचा इतिहास लिहिताना केवळ प्रारूपे आणि त्यांचे निर्माते मोजणे पुरेसे नाही. निर्देशन करणे, खुणा घालणे, उपभाषेचे नियम शोधणे ही कामे दुय्यम श्रम मानली गेली, तरी ज्ञानाची मूळ घडण तिथेच झाली. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या संशोधकांच्या शिक्षणात आणि श्रेयनिश्चितीत अशा वाचनाला बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे.