जेट स्की बीप वाजवते, स्क्रीनवर कोड येतो. नेमकं काय बिघडलं? जाणून घ्या सोप्या भाषेत

तळोजा (पनवेल) : तळोज्याला कासाडी नदी आहे, समुद्रकिनारा नाही. मग जेट स्कीची माहिती इथे कशाला, असं कुणी विचारेल. पण एमआयडीसीच्या आजूबाजूला गाड्यांचं, वायरिंगचं काम शिकलेल्या पोरांना अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडचे किनारे लांब नाहीत. पावसाळा संपला की तिथे जेट स्की उतरतात आणि मेकॅनिकची गरज लागते. दुचाकीचं इंजिन खोलता येतं, पण मशीन समुद्रात मध्येच ‘बीप बीप’ करायला लागली की भलेभले गोंधळतात. बीपकडे दुर्लक्ष झालं तर इंजिन जाम होतं आणि ओहोटीला मागे बसलेला पर्यटक आत ओढला जातो. म्हणून ही माहिती.

आधी बीप ओळखा

सी-डू कंपनीच्या मशीनमध्ये सेफ्टी दोरीची टोपी स्विचवर बसवली की दोन छोट्या बीप येतात. याचा अर्थ, सगळं ठीक, स्टार्ट मारा. त्याऐवजी एकच लांब बीप आली तर मशीनने चावी ओळखलेली नाही. बहुतेक वेळा टोपीत मीठ किंवा वाळू असते. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पुन्हा बसवा.

चालू मशीनवर बीप थांबतच नसेल तर इंजिन तापलंय, ऑइलचं प्रेशर पडलंय किंवा एक्झॉस्ट गरम झालाय. अशा वेळी मशीन स्वतःच वेग कमी करते. ती बिघडली म्हणून जास्त रेस देऊ नका. इंजिन वाचवायला ती मुद्दाम लंगडते.

स्क्रीनवरचे कोड

कोड म्हणजे इंग्रजी ‘पी’ अक्षर आणि पुढे चार आकडे. सी-डूमध्ये दिसणारे महत्त्वाचे कोड असे :

• पी ०५६२ : बॅटरीचा व्होल्टेज कमी. पूर्ण चार्ज बॅटरी बंद मशीनवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर चार्जिंग तपासा.

• पी ०२१७ : इंजिनचं पाणी (कूलंट) जास्त तापलं. कूलंट कमी आहे का, गळतंय का, ते इंजिन थंड झाल्यावरच बघा. गरम झाकण उघडलं तर तोंड भाजेल.

• पी ०५२४ : ऑइल प्रेशर कमी. इंजिन लगेच बंद करा. “किनाऱ्यापर्यंत जाऊ देत” म्हणालात तर इंजिन जाऊ शकतं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. मग स्टार्ट मारूच नका.

• पी २४२८ : एक्झॉस्ट तापला. एक्झॉस्टला बाहेरचं पाणी थंड करतं. खालच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा किंवा शेवाळ अडकलं की पाणी थांबतं.

यामाहा किंवा इतर कंपनीच्या मशीनवर दिवे आणि कोड वेगळे असतात. त्या मॉडेलचं पुस्तक मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

कोड म्हणजे निकाल नव्हे

इथेच बरेच जण फसतात. कोणत्या सेन्सरने तक्रार केली एवढंच कोड सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही. ‘तापमान जास्त’ आलं म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका. क्रम असा ठेवा : आधी बॅटरी, मग कनेक्टरवरचं मीठ आणि गंज, मग ऑइल-कूलंट, मग जाळी. सेन्सर सगळ्यात शेवटी. बॅटरी कमजोर असली तर नसलेले बिघाडही स्क्रीनवर दिसतात.

या चुका टाळा

१. जाळीत हात घालण्याआधी इंजिन बंद करा आणि सेफ्टी दोरी काढून स्वतःजवळ ठेवा.

२. स्टार्ट मारण्याआधी सीट उघडून हवा खेळू द्या. आत पेट्रोलची वाफ साचली असेल तर एक ठिणगी पुरते.

३. मशीन उलटली तर मागच्या स्टिकरवर बाण असतो, त्याच दिशेने सुलटी करा. चुकीच्या बाजूने फिरवली तर पाणी इंजिनात जाऊ शकतं.

४. खाऱ्या पाण्यातून आल्यावर नळी लावून धुताना आधी इंजिन चालू, मग नळ चालू. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधून पाणी आत शिरतं. कोरडं इंजिन काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका.

समुद्रात बंद पडलात तर

लाइफ जॅकेट काढू नका. पोहत किनारा गाठायचा प्रयत्न करू नका. मशीन तरंगते आणि लांबून दिसते, तिलाच धरून राहा. फोन पाण्यापासून वाचवलेला असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा ११२ लावा.

शेवटी एकच. किनाऱ्यावर गिऱ्हाईक उभं असतं, मालक घाई करतो, “चालतंय रे, जाऊ दे एक फेरी” म्हणतो. बीप वाजत असेल तर ती फेरी जाऊ देऊ नका. फेरीचे पैसे परत देता येतात, माणूस परत आणता येत नाही.