जहाज ते दाबोळी : करार संपवून परतणाऱ्या तारवट्याचा प्रवास

पहाटे पाच-सहाच्या सुमारास क्रूझ जहाज मायामीच्या धक्क्याला लागते. वरच्या मजल्यांवर प्रवासी न्याहारी आटोपून सामानाची आवराआवर करीत असतात. त्याच वेळी खालच्या मजल्यावरील कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात करार संपलेले खलाशी पासपोर्टच्या प्रतीक्षेत रांगेत उभे असतात. संध्याकाळी जहाज नव्या प्रवाशांना आणि नव्या कर्मचाऱ्यांना घेऊन पुन्हा निघते. क्रूझच्या भाषेत हा ‘टर्नअराउंड’चा दिवस. साष्टी, मुरगाव आणि बार्देशातील अनेक घरांत मात्र हा तारवटी घरी यायला निघाल्याचा दिवस असतो.

गोव्यात दर्यावरच्या नोकरीला मोठी परंपरा आहे. ब्रिटिश काळापासून गोमंतकीय तरुण आगबोटींवर स्वयंपाकी, वाढपी आणि वादक म्हणून जात. परतताना ते मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर उतरत, धोबी तलाव परिसरातील आपल्या गावच्या ‘कुडी’त मुक्काम करीत आणि तेथून गोव्याची वाट धरीत. आता हा प्रवास विमानाने होतो. अंतर तासांत कापले जाते. मात्र त्या तासांत सांभाळायची कागदपत्रे, मोजायचे दिवस आणि मागायचे हक्क वाढले आहेत.

परतीचे तिकीट कोणी काढायचे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली स्वीकारलेला सागरी श्रम करार ऑगस्ट २०१३ मध्ये अमलात आला. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. बहामा, पनामा, माल्टा या ज्या देशांचे ध्वज क्रूझ जहाजांवर प्रामुख्याने दिसतात, त्यांनीही तो मान्य केला आहे. या करारानुसार सेवेचा कालावधी संपल्यावर खलाशाला घरी पोहोचविण्याचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो. बारा महिने पूर्ण होण्याआधीच परतीचा हक्क प्राप्त होतो. नोकरीवर घेतानाच परतीच्या खर्चापोटी आगाऊ रक्कम मागण्यास मनाई आहे. खलाशाकडून गंभीर कसूर झाल्याचे सिद्ध झाल्याखेरीज तो खर्च पगारातूनही कापता येत नाही.

खर्चात काय काय मोडते, याचे मार्गदर्शनही करारात आहे. प्रवासभाडे, जहाज सोडल्यापासून मुक्काम गाठेपर्यंतचे जेवण व निवास, तीस किलोपर्यंतचे वैयक्तिक सामान आणि गरज पडल्यास औषधोपचार यांचा त्यात समावेश होतो. विमान दुसऱ्या दिवशीचे असेल तर रात्रीच्या हॉटेलचा खर्च खलाशाच्या खिशातून जाऊ नये, असा याचा अर्थ. तथापि, करार मुदतीपूर्वी स्वेच्छेने सोडल्यास तिकिटाचा भार कोणावर, हे नेमणूकपत्रातील अटींवर अवलंबून राहते. म्हणून ते पत्र सही करताना वाचावे आणि त्याची प्रत घरी ठेवावी.

जहाज सोडण्यापूर्वी

परतणाऱ्यांची यादी काही दिवस आधी लागते. त्यानंतर गणवेश, ओळखपत्र आणि खोलीची किल्ली परत करणे, खोलीची तपासणी करून घेणे, इंटरनेट व जहाजावरील खरेदीचे देणे चुकते करणे ही कामे उरकावी लागतात. अंतिम वेतनाची चिठ्ठी हाती पडल्यावर जादा कामाचे तास, बक्षिशीचा वाटा आणि कपाती तिथल्या तिथे पडताळून पाहाव्यात. घरी पोहोचल्यावर तीच चूक दुरुस्त करून घेण्यास महिने लागू शकतात.

शिडी उतरण्यापूर्वी चार गोष्टी हातात असल्याची खात्री करावी : पासपोर्ट, सीडीसी, सेवेचा दाखला आणि विमानाच्या तिकिटाची छापील प्रत. सीडीसीमध्ये जहाजावर रुजू झाल्याची व उतरल्याची तारीख, सही आणि शिक्का असायला हवा. पुढील नोकरी, बढतीसाठीची सागरी सेवा आणि प्राप्तिकराचा हिशेब यांसाठी ही नोंद लागते.

आजारपण किंवा दुखापतीमुळे उतरावे लागत असेल, तर जहाजावरील डॉक्टरचा अहवाल सोबत घेतल्याशिवाय निघू नये. सागरी श्रम करारानुसार जहाजमालकाची आजारपणातील वेतनाची जबाबदारी मर्यादित करता येते. पण ती मर्यादा दुखापत झाल्याच्या वा आजार सुरू झाल्याच्या दिवसापासून सोळा आठवड्यांहून कमी असू शकत नाही. न वाचता ‘आपण पूर्ण तंदुरुस्त आहोत’ अशा मजकुरावर केलेली सही पुढे दाव्याच्या आड येऊ शकते.

धक्का ते विमानतळ

जहाजाबाहेर बंदरातील एजंट भेटतो. इमिग्रेशनची औपचारिकता आणि विमानतळापर्यंतचे वाहन ही त्याची जबाबदारी. अमेरिकेत सी-१/डी व्हिसावर उतरलेल्या खलाशाला ठरलेल्या विमानाने देश सोडावा लागतो; तेथे रेंगाळल्यास पुढचा व्हिसा धोक्यात येतो. अंतरेही सारखी नसतात. फोर्ट लॉडरडेलचे बंदर आणि विमानतळ जवळजवळ शेजारी आहेत. उलट साउदम्प्टनहून हीथ्रो सुमारे शंभर किलोमीटर, तर चिवितावेक्कियाहून रोमचा फ्युमिचिनो विमानतळ साठ किलोमीटरहून अधिक दूर आहे. धुक्यामुळे वा वादळामुळे जहाजाला उशीर झाल्यास विमान चुकू शकते. अशा वेळी स्वतः नवे तिकीट काढण्याऐवजी एजंट व कंपनीला लेखी कळवून पर्यायी तिकीट मागावे. एजंटाचा दूरध्वनी क्रमांक कागदावरही लिहून ठेवलेला बरा.

मुंबईत उतरून गोव्याला येताना सामानाचा घोळ होतो. परदेशातून आलेले सामान साधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावर ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणी करावी लागते आणि देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच असेल तर आंतरराष्ट्रीय वजनमर्यादा बहुधा कायम राहते. गोव्याचे तिकीट स्वतंत्र असेल तर मर्यादा अनेकदा पंधरा किलोवर येते आणि जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. वाटेत शुल्कमुक्त दुकानातून घेतलेली बाटलीही मुंबईत पुढच्या सुरक्षा तपासणीपूर्वी मोठ्या बॅगेत टाकावी. हातातील सामानात ती अडवली जाऊ शकते.

क्रूझवरील कर्मचारी बक्षिशीची रक्कम बऱ्याचदा रोख आणतात. पाच हजार डॉलरहून अधिक मूल्याच्या परकीय नोटा, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम भारतात आणताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे घोषणा करणे बंधनकारक आहे. अमेरिकेतून बाहेर पडतानाही दहा हजार डॉलरवरील रकमेची घोषणा करावी लागते. रक्कम आणण्यास बंदी नाही. ती न सांगणे हा गुन्हा ठरतो.

जानेवारी २०२३ पासून मोप येथील विमानतळ सुरू झाल्यामुळे ‘गोवा’ एवढे वाचून भागत नाही. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी आणि जीओएक्स असेल तर मोप. मडगावकराला मोप दाबोळीच्या दुपटीहून अधिक दूर पडते, पेडणेकराची स्थिती उलटी. न्यायला येणाऱ्यांनाही ही अक्षरे कळवावीत.

घरी आल्यावरचा हिशेब

परतीची तारीख प्राप्तिकराच्या दृष्टीने महत्त्वाची असते. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाचा आर्थिक वर्षातील भारतातील मुक्काम १८२ दिवसांहून कमी असेल, तर त्याला सामान्यतः अनिवासी मानले जाते. भारतातील उत्पन्न पंधरा लाख रुपयांहून अधिक असल्यास नियम अधिक कडक आहेत. परदेशी जहाजावरील सेवेचा पगार केवळ भारतातील एनआरई खात्यात जमा झाला म्हणून अनिवासी खलाशाच्या करपात्र उत्पन्नात धरला जाणार नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकांद्वारे स्पष्ट केले आहे. त्यामुळे मार्चअखेर परतणे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतणे यांत वर्षाच्या हिशेबाचा फरक पडू शकतो. येण्या-जाण्याचे दिवस भारतातच मोजले जातील असे धरून काही दिवसांची मोकळीक ठेवावी आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या पानांची छायाचित्रे जपावीत.

वाट अडते तेव्हा

२०२० च्या वसंतात करोनामुळे बंदरे आणि विमानतळ बंद झाले तेव्हा हा सारा क्रम कोलमडला. ‘मारेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील भारतीय कर्मचारी, त्यांत अनेक गोमंतकीय, मुंबईसमोर जहाजात अडकून पडले. केंद्रीय गृह मंत्रालयाने २१ एप्रिल रोजी खलाशांना उतरवून घेण्याची कार्यपद्धती जाहीर केल्यानंतरच त्यांचे पाय जमिनीला लागले. गाव दिसण्याच्या अंतरावर येऊनही उतरता येत नाही, हे त्या दिवसांत गोव्यातील कुटुंबांनी अनुभवले.

साथ नसतानाही मालक दिवाळखोर झाल्यास खलाशी वाऱ्यावर सुटतो. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक जहाजाला यासाठी आर्थिक हमी ठेवावी लागते. परतीचा खर्च नाकारला, अन्नपाणी तोडले वा दोन महिने पगार थकविला, तर खलाशी ‘परित्यक्त’ ठरतो. मग त्याचा परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन हमीतून मिळू शकते. हमीचे प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. रुजू होतानाच त्याचे छायाचित्र काढून घरी पाठवावे.

मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडे तक्रार करता येते. भरती करणाऱ्या संस्थेकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असेल तर तिला जाब विचारता येतो; परवान्याविना पाठविणाऱ्या दलालामार्फत गेलेल्याची बाजू फार दुबळी पडते. दाबोळीला सुखरूप परतण्याची तजवीज म्हणूनच दाबोळीहून निघण्यापूर्वी, त्या परवान्याची खातरजमा करण्यापासून सुरू होते.