काळ्या भांड्यावरची सही

आपण गटात वस्तू तयार करतो, विकतो. पण त्या वस्तूवर नाव कुणाचं असावं? आज याच प्रश्नाची एक जुनी गोष्ट ऐकू या. ती आहे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सान इल्देफोन्सो गावची. हे गाव प्युब्लो लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं.

भांडी घडवणं हे तिथं बायकांचं काम. १८८० मध्ये त्या भागात रेल्वे आली, सोबत कारखान्यातली स्वस्त भांडी आली आणि मातीच्या भांड्यांची गरज घटली. पुढे १९०८ च्या सुमारास पुरातत्त्व संशोधक एडगर हेवेट यांनी मारिया मार्टिनेझ यांना उत्खननात सापडलेल्या खापरांसारखी भांडी करायला सांगितलं.

ही भांडी चाकावर होत नाहीत. चिकणमातीत ज्वालामुखीची राख मळतात. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करतात आणि वाळल्यावर खरवडून गुळगुळीत करतात. मग लाल मातीचा पातळ लेप देऊन, तो ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घासतात. सगळी चमक या घासण्याची. शेवटी लाकडं आणि शेणाच्या गोवऱ्यांची भट्टी. ती तशीच जळू दिली तर भांडं लाल होतं. पण ऐन वेळी बारीक शेणखताने आग दडपली की हवा तुटते, धूर कोंडतो, काजळी मातीत शिरते आणि तेच भांडं काळंभोर होतं.

मारियांचे पती ज्युलियन नक्षी काढत. १९१९ च्या सुमारास त्यांना घासलेल्या भांड्यावर लेपाने नक्षी काढायची रीत साधली. भाजल्यावर नक्षी मंद काळी आणि बाकी भांडं चकचकीत काळं. या भांड्यांना मोठी मागणी आली.

मारियांनी ही विद्या घरात दडवली नाही, गावातल्या बायकांना शिकवली. पूर्वी भांड्यांवर सही करायची रीत नव्हती. गिऱ्हाइकांसाठी मारिया सही करू लागल्या, आणि सहीच्या भांड्याला जास्त भाव मिळतो म्हटल्यावर शेजारणींच्या भांड्यांवरही त्यांनी आपलं नाव घातलं. गावाला चार पैसे मिळाले. पण भांडं नक्की कोणाच्या हातचं, हे घेणाऱ्याला कळेना. शेवटी ही पद्धत थांबली आणि बायका आपापल्या नावाने सही करू लागल्या.

मारिया १९८० मध्ये वारल्या. काळी भांडी त्या गावात आजही होतात. विद्या सगळ्यांची, पण कष्टाला ज्याचं त्याचं नाव, हे त्या बायकांनी करून दाखवलं. आपल्या गटाच्या पाकिटावर कुणाकुणाची नावं असावीत? पुढच्या बैठकीत हा विषय घेऊ या.