तप्त पिक्सेल (रात्रकालीन छायाचित्रण)

तप्त पिक्सेल (हॉट पिक्सेल) म्हणजे अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकावरील (सेन्सर) असा बिंदू, जो त्यावर प्रकाश न पडताही चित्रात लाल, हिरवा, निळा किंवा पांढरा ठिपका म्हणून उमटतो. दीर्घ उद्भासन (एक्स्पोजर) देऊन टिपलेल्या आकाशाच्या छायाचित्रांत हा दोष विशेष जाणवतो, कारण असा ठिपका सहज तारा समजला जाऊ शकतो. कायम काळा राहणारा मृत पिक्सेल आणि प्रत्येक चित्रात सारखाच उजळ राहणारा अडकलेला पिक्सेल यांहून तो वेगळा असतो. त्याची तीव्रता तापमान व उद्भासनकाळ यांनुसार बदलते.

कारणे

संवेदकातील सिलिकॉनमध्ये उष्णतेमुळेही इलेक्ट्रॉन मुक्त होतात. या प्रवाहास अंधार-प्रवाह (डार्क करंट) म्हणतात. तो तापमानाच्या साधारण ६ ते ७ अंश सेल्सिअस वाढीमागे दुप्पट होतो. ज्या पिक्सेलच्या स्फटिकरचनेत दोष असतो, तेथे हा प्रवाह शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो. तोच तप्त पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असल्याने ठिपका बहुधा रंगीत दिसतो.

तप्त पिक्सेलची जागा ठरलेली असते, म्हणून तो वजा करता येतो. नॉइजचे मात्र तसे नाही. प्रकाशकणांच्या अनियमित आगमनामुळे, अंधार-प्रवाहातील चढउतारांमुळे आणि संकेत वाचणाऱ्या मंडलामुळे येणारा नॉइज दर चित्रात निराळा असतो. तो सरासरीनेच कमी होतो.

भंडारा परिसरातील स्थिती

भंडारा जिल्हा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथून आकाशगंगेचा केंद्रभाग दक्षिणेस सुमारे ४० अंश उंचीपर्यंत चढतो. तो एप्रिलच्या मध्यास रात्री अकराच्या, तर मेच्या मध्यास नऊच्या सुमारास उगवतो; जूनपासून पावसाळी ढग आड येतात आणि डिसेंबरात सूर्यच त्या दिशेला असतो. त्यामुळे केंद्रभाग टिपण्याचा उत्तम काळ आणि विदर्भाचा कडक उन्हाळा एकत्र येतात. हिवाळ्यातील १० अंशांच्या रात्रीच्या तुलनेत मेमधील २८ अंशांच्या रात्री अंधार-प्रवाह सहा ते आठ पट होतो. संवेदक स्वतःही तापतो, त्यामुळे त्याचे तापमान हवेपेक्षा अधिकच असते. थंड रात्रींसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांतील आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

शहराजवळ दिव्यांच्या उजेडाचा नॉइज इतका असतो की संवेदकाचा दोष त्यात झाकला जातो. आकाश काळे झाले की तो उघडा पडतो. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अशा ठिकाणी हा प्रश्न अधिक ठळक असतो. भंडाऱ्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द जलाशयाच्या काठी दक्षिण क्षितिज उघडे मिळू शकते. कोका अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री प्रवेश करता येत नाही.

चित्रण करताना

कॅमेरा दिवसभर तापलेल्या वाहनात ठेवू नये. लाइव्ह व्ह्यू गरजेपुरताच वापरावा आणि दोन चित्रांमध्ये थोडा अवकाश द्यावा. एका लांब उद्भासनाऐवजी अनेक लहान उद्भासने घ्यावीत. समान १६ चित्रांची सरासरी काढल्यास संकेत व नॉइज यांचे गुणोत्तर चौपट सुधारते, ६४ चित्रांनी आठपट; म्हणजे पुढील प्रत्येक सुधारणा अधिक महाग पडते. चित्रे रॉ स्वरूपात साठवावीत.

कॅमेऱ्यातील ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ ही सोय प्रत्येक चित्रानंतर तेवढ्याच वेळाचे अंधारचित्र घेऊन वजा करते. रात्रीचा निम्मा वेळ त्यात जातो आणि ताऱ्यांच्या रेषा टिपताना मध्ये खंड पडतो. त्यापेक्षा झाकण लावून १५ ते २० अंधारचित्रे स्वतंत्रपणे घेणे सोयीचे. मात्र ती त्याच आयएसओवर, तेवढ्याच उद्भासनाने आणि त्याच जागी घ्यावीत. घरी पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत घेतलेली अंधारचित्रे तापमान न जुळल्याने तप्त पिक्सेल नीट वजा करत नाहीत.

संस्करण

ताऱ्यांवरून चित्रे जुळवली की स्थिर तिपाईवरील तप्त पिक्सेल एका रेषेत सरकलेले दिसतात. साध्या सरासरीऐवजी मध्यक (मीडियन) घेतल्यास त्यांतील बहुतेक नाहीसे होतात. माग काढणाऱ्या तिपाईवर मात्र ते ताऱ्यांसोबत जवळजवळ स्थिरच राहतात, म्हणून दर काही चित्रांनंतर कॅमेऱ्याची दिशा किंचित बदलतात. या क्रियेस डिदरिंग म्हणतात.

आपोआप ठिपके पुसणाऱ्या आज्ञावलीवर पूर्ण विसंबणे धोक्याचे आहे, कारण मंद तारेही त्यात पुसले जातात. शंका आल्यास लागोपाठची मूळ चित्रे ताडून पाहावीत: तारा अनेक पिक्सेलवर पसरतो व आकाशासोबत सरकतो, तप्त पिक्सेल संवेदकावर त्याच स्थानी राहतो.