पहिली पायदान कुणाची?

१९८१ चं सर्वोत्तम हिंदी गाणं कोणतं? माझा आणि दादाचा हा वाद अजून मिटलेला नाही. अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेत त्या वर्षी अव्वल ठरलं 'लावारिस'मधलं 'मेरे अंगने में'. दादा म्हणतो, विषय संपला! मी म्हणतो, त्याच वर्षीच्या 'उमराव जान'ने आशाताई आणि खय्याम दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला, त्याचं काय?

गीतमालेत मोजली जायची रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती. पुरस्कारात परीक्षकांचं मत. क्वेरी बदलली की उत्तर बदलणारच, हे माझं रोजचं काम सांगतं.

आमच्याकडे होता फक्त रेडिओ. रेकॉर्ड कधी घेतली नाही, पत्रही टाकलं नाही. म्हणजे दादा इतकी वर्षं ज्या यादीसाठी भांडतोय, तिच्यात आमच्या घराचं मत नव्हतंच की हो!