पृथ्वीच्या पोटातले उंबरठे

कलिंगड घेताना आपण ते कानाशी धरतो, टिचकी मारतो आणि आतलं ओळखतो. पृथ्वीला सुरी लावायची तर सोयच नाही. रशियात कोला द्वीपकल्पात खणलेलं विवर बारा किलोमीटरांच्या थोडं पुढं गेलं आणि थांबलं. केंद्र आहे ६३७१ किलोमीटरांवर! तेव्हा उरते ती टिचकी. ती भूकंप मारतो.

१२ जून १८९७ रोजी आसामात मोठा भूकंप झाला, शिलाँग जमीनदोस्त झालं. भारतीय भूविज्ञान खात्यातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून तपास केला. दूर इटलीतल्या यंत्रांवर उमटलेल्या रेघा ताडून पाहता त्यांच्या ध्यानात आलं की, धक्का एक, पण लाटा तीन तऱ्हेच्या. आधी दाबाच्या, मग आडव्या हिसक्याच्या, शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या.

पुढचं पाऊल टाकलं झाग्रेबच्या वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच यांनी. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी शहराजवळच कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. त्यांनी ठिकठिकाणच्या वेधशाळांच्या नोंदी जमवल्या. पाहतात तो काय, काही अंतरापुढं दाबाची लाट एकदा नव्हे, दोनदा आलेली! दुसरा कोणी यंत्रालाच दोष देता. मोहोरोविचिच यांनी उलगडा केला तो असा: जवळच्या गावी जायला कच्चा रस्ता बरा, पण लांब जायचं, तर वळसा घेऊन हमरस्ता धरणारा आधी पोचतो. काही लाटा खोल उतरून, घट्ट खडकातून वेगानं धावून पुन्हा वर आल्या होत्या. हा हमरस्ता त्यांच्या हिशेबानं ५४ किलोमीटरांवर होता. तिथं कवच संपतं, प्रावरण सुरू होतं. प्रावरणाचा तळ, सुमारे २९०० किलोमीटरांवरचा, बेनो गुटेनबर्ग यांनी १९१३ साली मोजला.

मधलं अंतर मात्र बराच काळ धूसरच राहिलं. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत भूमिगत अणुस्फोट हुडकण्यासाठी भूकंपलेखकांच्या रांगा उभ्या राहिल्या (हेतू युद्धाचा, लाभ शास्त्राचा!) आणि आणखी दोन पायऱ्या स्पष्ट झाल्या. त्या आज ४१० आणि ६६० किलोमीटरांवर मानतात. तिथं लाटांचा वेग एकदम वाढतो. पदार्थ बहुतांशी तोच, पण दाबाखाली त्याचे अणू अधिक दाटीनं बसतात. ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजाची ही रूपांतरं ऑस्ट्रेलियाच्या टेड रिंगवुड यांनी प्रयोगशाळेत घडवून दाखवली. त्यांतल्या एका रूपाला त्यांचंच नाव मिळालं.

पण पृथ्वीच्या पोटातला त्याचा नमुना कुणी पाहिला होता? २०१४ साली ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात त्याचा केसाहून बारीक कण सापडल्याचं जाहीर झालं. त्याच्या घडणीत, वजनाच्या सुमारे दीड टक्का, पाणी मुरलेलं होतं.