जिनातला कामगार आणि कायद्याची रेषा

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या आपल्या आयाबायांसाठी मात्र त्या एका वाक्यात मोठा इतिहास आहे.

खामगावला 1870 मध्ये रेल्वे आली ती कापसासाठी. इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. मागोमाग जिनिंग-प्रेसिंग आले: सरकी काढणारे रेचे, गठाणी बांधणारे प्रेस आणि छातीत साचणारी कापसाची धूळ.

देशातला पहिला कारखाना कायदा 1881 चा. शंभरापेक्षा कमी कामगारांचे आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्याने वगळले. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते 1911 मध्ये. तरी भेद संपला नाही. 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला 54 तास ठरवले आणि हंगामी कारखान्यात 60. जिनातल्या माणसाचे शरीर काय वेगळ्या हाडामांसाचे होते?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1945 मध्ये कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय उभे राहिले. 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचे तास 48 वर आणि हंगामींचे 50 वर आणले. 1948 च्या कायद्याने हंगामी-बारमाही हा भेदच काढून टाकला. यंत्राच्या फिरत्या भागांना आवरण सक्तीचे केले. विजेवर चालणारे काम असेल तर 10 आणि हाताचे असेल तर 20 कामगारांपासून कारखाना मानला.

आता 2020 ची सुरक्षा संहिता पाहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. तिच्यात कारखान्याची मर्यादा 10 वरून 20 आणि 20 वरून 40 केली आहे. दहा कामगारांच्या आस्थापनेला संहिता लागू होते, हे खरे. पण पंधरा माणसांचे विजेवर चालणारे जिन आता 'कारखाना' राहत नाही. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यातही आता वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची आहे.

छोट्या धंद्याला इन्स्पेक्टरचा जाच नको, असा युक्तिवाद केला जातो. जाच नकोच. पण यंत्राचा पट्टा कामगार मोजून हात ओढत नाही आणि धूळ हजेरीपट बघून छातीत शिरत नाही. लहान मालकाला सवलत द्यायची तर कागदपत्रांत द्या, कामगाराच्या जिवात नको.

म्हणून आम्ही तरुणांना सांगतो: आपल्या गावच्या जिनात, दालमिलमध्ये, वीटभट्टीवर प्रत्यक्ष किती माणसे राबतात ते मोजा. ठेकेदारामार्फत आलेली बाईही कायद्याने कामगारच आहे, तिलाही मोजा. मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला माहितीच्या अधिकारात विचारा: या ठिकाणाची नोंदणी आहे का आणि शेवटची तपासणी कधी झाली?

कायद्याने रेषा ओढली की कोण बाहेर पडतो, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. ती रेषा कागदावर कुठे आहे, हे मात्र शिकावेच लागेल.

जय भीम!